रिंगण कोणी आखले?



काही आठवड्यांपूर्वी संध्याकाळची मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक माता आमच्याकडे आली. तिच्या हातात तिच्या मुलाचा मोबाईल होता. "फादर, एवढं बघा," म्हणून तिने तो आमच्या पुढे धरला. (तिच्या परवानगीने आणि कोणाचीही ओळख पटू नये इतपत फेरफार करून आम्ही हे लिहीत आहोत.)

शिकवणीच्या वर्गाबाहेरची मोकळी जागा. नववीतली पंधरा-वीस मुले गोल करून उभी. मधोमध दोघे. त्या दोघांचे आपसात काही भांडण असावे असे दिसत नव्हते. दोघांनाही इतरांनी आत ढकलले होते. एकाच्या डोळ्यांत पाणी होते. तो बाहेर पडायला बघे, तेव्हा दोन-तीन हात त्याला पुन्हा आत लोटत. "हाण ना, हाण! घाबरला रे घाबरला!" शेवटी एक ठोसा बसतो, नाकातून रक्त येते आणि चित्र हलू लागते. चित्र हलते, कारण ज्याच्या हातात मोबाईल आहे तो मुलगा हसतो आहे.

ते हसू त्या मातेच्या मुलाचे होते. तिने आम्हांला एकच प्रश्न विचारला. "फादर, माझ्या पोराने कोणाला हात लावला नाही. त्याने काहीच केलं नाही ना?"

त्या रात्री आम्ही तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज ह्या पानावर ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत. उत्तर तिच्या एकटीसाठी नाही, आपणां सर्वांसाठी आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गात एक जुना दूरचित्रवाणी भाग दाखवला होता. त्याची आठवण होऊन आम्ही तोच भाग त्या शनिवारी युवक-युवतींच्या सभेत दाखवला. 'स्टार ट्रेक' ह्या अमेरिकन विज्ञानमालिकेचा तो भाग. नाव 'ब्रेड अँड सर्कसेस', प्रथम प्रक्षेपण १५ मार्च १९६८. हे नाव रोमन कवी ज्युव्हेनल ह्याच्या एका टोमण्यावरून आले आहे. लोकांना फुकट धान्य आणि करमणुकीचे खेळ दिले की ते राज्यकर्त्यांकडे आणखी काही मागत नाहीत, असा त्याचा आशय.

कथा थोडक्यात अशी. कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय अशा एका ग्रहावर उतरतात, जिथे रोमन साम्राज्य कधी संपलेच नाही. तिथे मोटारी आहेत, मासिके आहेत, दूरचित्रवाणी आहे आणि गुलामही आहेत. गुलामांना व कैद्यांना तलवार देऊन एकमेकांशी लढायला लावतात आणि ते मरण घरोघरी दाखवतात. स्पॉक आणि मॅकॉय ह्यांनाही रिंगणात ढकलले जाते. त्यांच्यासमोर उभा असतो फ्लेव्हियस. एकेकाळचा नामांकित लढवय्या, पण बंधुभावाची शिकवण ऐकल्यापासून त्याने लढणे सोडलेले. त्याला चाबकाचे फटके मारून लढायला लावतात. रिंगणाचा रखवालदार त्याला जी धमकी देतो तिचा रोख असा, की कार्यक्रमाची लोकप्रियता घसरली तर तुझ्यावरच एक खास कार्यक्रम करू!

आपली मुले आधी हसत होती. पुठ्ठ्याचे देखावे, जुनाट पोशाख. मग एका मुलीच्या लक्षात एक गोष्ट आली. ती म्हणाली, "फादर, तिथे प्रेक्षक कुठे आहेत?" तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते. त्या रिंगणाभोवती गर्दीच नाही. तो एक स्टुडिओ आहे. यंत्राची कळ फिरवली की टाळ्या, दुसरी फिरवली की हुर्यो. आम्ही तिला विचारले, "मग हे बघतंय कोण?" थोडा वेळ शांतता पसरली. नंतर मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "घरी बसलेले."

बंधुभगिनींनो, हे ऐकून कोणी म्हणेल की हा परदेशी कल्पनेचा खेळ, आमचा काय संबंध? पण आपल्या वर्तमानपत्रांत जवळजवळ प्रत्येक निवडणुकीनंतर एक शब्द येतो, 'सत्तेची साठमारी'. हा शब्द कल्पनेतून आलेला नाही. तो खऱ्याखुऱ्या रिंगणातून आला आहे.

साठमारी म्हणजे माजावर आणलेल्या हत्तीला डिवचून त्याच्याशी झुंजण्याचा खेळ. बडोद्याला गायकवाडांच्या मराठी दरबारात त्यासाठी जाड भिंतींचे मोठे आवार होते. त्याला अगड म्हणत. फ्रेंच प्रवासी लुई रुसले १८६० च्या दशकात, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, बडोद्यास आला होता. त्याने 'राजांचा हिंदुस्थान' अशा अर्थाच्या नावाच्या आपल्या ग्रंथात ह्या खेळांचे वर्णन केले आहे. तो ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध झाला. हत्तीला साखर-लोणी चारून माजावर आणीत. मग भाले आणि चाबूक घेतलेली माणसे त्याला चिडवीत. आवाराच्या भिंतीत लहान दारे ठेवलेली असत. जिवावर बेतले की माणूस त्या दारातून निसटे. हत्तीला मात्र दार नव्हते. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज बडोद्याला आले, तेव्हा त्यांनाही हा खेळ दाखवण्यात आला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली साठमारीची जागा आजही त्याच नावाने ओळखली जाते. ज्या राजाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, त्याच्याही काळात हा खेळ होताच. म्हणजे चांगली माणसेही हे बघत होती. म्हणूनच प्रश्न आपल्यापर्यंत येतो.

रुसलेने बडोद्याला आणखी एक गोष्ट पाहिली. तिथे मल्ल मुठीला शिंगाची नखे बांधून एकमेकांना ओरबाडत. आधी त्यांना भांग आणि अफू पाजलेली असे. अंग रक्ताने माखे आणि दरबार ते आवडीने पाहत असे.

ह्यात आपल्या लोकांनी फार मान वर करून बोलू नये. गोव्यात बैलांच्या झुंजी, म्हणजे धिरयो, कित्येक गावांत चर्चच्या फेस्ताच्या निमित्तानेच होत आल्या. सकाळी मिस्सा आणि दुपारी झुंज. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली. पण आवड कायद्याने मरत नाही. चोरून झुंजी होतच राहिल्या आणि त्या पुन्हा कायदेशीर कराव्यात ही मागणीही अधूनमधून उठत राहिली आहे.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. दोष कोणाचा?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण शिकलो होतो. वादळात सापडलेला खलाशी जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. त्याने हे मनापासून केले की जबरदस्तीने? दोन्ही, असे उत्तर आहे. हात त्याचेच होते, पण वादळ नसते तर त्याने असे कधी केले नसते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही हाच विचार पुढे नेला. माणसावर जितकी बळजबरी अधिक, तितका त्याचा दोष हलका.

ही फूटपट्टी रिंगणाला लावून पाहू. हत्तीला माज चढवलेला आहे. मल्लाला भांग पाजलेली आहे आणि त्याच्या मागे बहुधा पोटाची भूकही उभी आहे. फ्लेव्हियसच्या पाठीवर चाबूक आहे. त्या नववीतल्या मुलाला 'भित्रा' ह्या शब्दाचा चाबूक आहे. चौदा वर्षांच्या पोराला तो कातड्याच्या चाबकापेक्षा जास्त लागतो. रिंगणाच्या मध्यभागी स्वातंत्र्य सर्वांत कमी असते. आणि सर्वांत जास्त कोठे असते? भोवती. बघणाऱ्याला कोणी माज चढवलेला नाही. त्याच्या पाठीवर चाबूक नाही. तो केव्हाही उठून घरी जाऊ शकतो. ज्याच्याकडे स्वातंत्र्य जास्त, त्याच्याकडे जबाबदारीही जास्त.

म्हणून त्या मातेला आम्ही आता म्हणू, ताई, तुमच्या मुलाने हात लावला नाही हे खरे. पण ते रिंगण जमिनीवर खडूने आखलेले नव्हते. ते मुलांच्या पायांनी आखलेले होते. पंधरा-वीस मुले घरी गेली असती, तर मध्ये उभ्या असलेल्या त्या दोघांनीही दप्तरे उचलून घरचा रस्ता धरला असता. लढणारे रिंगण करत नाहीत, बघणारे करतात.

आपण सगळे किती सहज बघणारे होतो, हे संत ऑगस्टिन ह्यांनी आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथात सांगितले आहे. त्यांचा मित्र अलिपियस हा कायदा शिकण्यासाठी रोमला गेला. त्याला ह्या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढून नेले. शरीर नेलेत तरी मन नेणार नाही, अशा निर्धाराने तो डोळे मिटून बसला. पण कान मिटायला तो विसरला. कोणीतरी पडला, गर्दीने आरोळी ठोकली, कुतूहलाने त्याचे डोळे उघडले आणि त्यानंतर ते मिटेनात. रक्त पाहून त्याला नशा चढली. पुढे तो स्वतः तर जाऊ लागलाच, इतरांनाही ओढून नेऊ लागला. हा वाईट मनुष्य नव्हता. इ.स. ३८७ मध्ये मिलान येथे संत ऑगस्टिन ह्यांच्याबरोबर त्यालाही स्नानसंस्कार मिळाला आणि नंतर तो थागास्तेचा बिशप झाला. पण चांगुलपणाचा भरवसा धरून बसलेला माणूस एका आरोळीत घसरला. आपल्या खिशातला मोबाईल दिवसातून शंभरदा अशी आरोळी ठोकतो. "हा मारामारीचा व्हिडिओ बघितलास का?" आपण बघतो. मग पुढे पाठवतो. गटात चाळीस माणसे असतील, तर आपल्या एका बोटाने चाळीस जण त्या रिंगणाभोवती येऊन उभे राहतात.

मग करायचे काय? पाचव्या शतकातील ख्रिस्तसभेचे इतिहासकार थिओडोरेट ह्यांनी टेलेमाकस नावाच्या एका साध्या संन्यस्ताची हकीगत लिहून ठेवली आहे. तो पूर्वेकडून रोमला आला होता. खेळ चालू असताना तो आसनावरून उठला, खाली रिंगणात उतरला आणि दोन लढणाऱ्यांच्या मध्ये जाऊन त्यांना थांबवू लागला. प्रेक्षकांना राग आला. त्यांनीच त्याला दगडांनी ठेचून मारले. नीट लक्ष द्या, त्याला लढणाऱ्यांनी मारले नाही, बघणाऱ्यांनी मारले. परंपरेने ही घटना इ.स. ४०४ सालची मानतात. सम्राट होनोरियसने ह्यानंतर माणसांच्या झुंजी बंद केल्या, असे थिओडोरेट सांगतात. ह्याआधी ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने हुकूम काढून पाहिला होता, पण खेळ चालूच राहिले होते. आणि ४०४ नंतरही जनावरांचे खेळ आणखी शंभरेक वर्षे चालले. हृदय बदलायला हुकुमापेक्षा जास्त काही लागते, आणि वेळही लागतो.

टेलेमाकसला हे कोणी शिकवले? योहानच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आठवा. मंदिरात लोकांनी एका स्त्रीला आणून मध्ये उभे केले. भोवती माणसे, हातांत दगड. ते रिंगणच होते. प्रभू येशूने त्यांच्याशी भांडण केले नाही. तो खाली वाकला आणि बोटाने जमिनीवर लिहू लागला. मग त्याने एकच गोष्ट विचारात पाडली. ज्याच्या हातून पाप घडले नाही, त्यानेच सुरुवात करावी. आणि पुन्हा वाकला. तेव्हा काय झाले? रिंगण एकदम फुटले नाही. एक एक जण निघून गेला, वडीलधारे आधी. रिंगण असेच मोडते, एका माणसाच्या पायाने. वडीलधाऱ्यांनो, सुरुवात आपल्याकडून झाली होती हे विसरू नका. घरी आपण जेवताना मारामारीच्या बातम्या चवीने बघत असू, तर शिकवणीबाहेर उभ्या असलेल्या पोराला आपण काय सांगणार?

आणि शेवटी प्रभू स्वतः मध्ये उभा राहिला. शिपायांनी त्याच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवून खेळ केला. संत लूक लिहितात की क्रुसाजवळ लोक उभे राहून पाहत होते. बडोद्याच्या अगडात माणसासाठी भिंतीत लहान दार ठेवलेले असे. प्रभूपुढेही दार होते. क्रुसावरून खाली उतर, असे लोक त्याला सांगतच होते. त्याने ते दार वापरले नाही. ज्यांना दार नाही, त्यांच्यासोबत तो राहिला. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण म्हणतो की तो आपल्यासाठी स्वर्गातून उतरला, आणि त्याच्या पुढच्याच शब्दांना मस्तक लववतो. तो आपल्या वरच्या आसनावरून रिंगणात उतरला, असा त्याचा अर्थ आज आपण मनात धरू या.

त्या जुन्या भागाचा शेवट सांगायचा राहिला. त्यात मेरिक नावाचा आणखी एक कॅप्टन आहे. त्याने पूर्वी जीव आणि पद राखण्यासाठी आपल्याच जहाजाची माणसे त्या ग्रहावर उतरवली होती. ज्यांना तिथल्या रीतीशी जुळवून घेता आले ते जगले, बाकीचे रिंगणात मेले. तो सत्ताधाऱ्यांच्या शेजारी बसून बघत असतो. अखेरच्या क्षणी कर्क आणि त्याचे साथी सुटावेत म्हणून तो हातातले संपर्कयंत्र त्यांच्याकडे फेकतो आणि पाठीत सुरा खाऊन मरतो. फ्लेव्हियसही कर्कला वाचवताना मरतो. जहाजावर परतल्यावर सगळ्यांना एक कोडे पडते. हे गुलाम सूर्याची पूजा करतात असे त्यांना वाटले होते. मग बंधुभाव कोठून आला? संदेशयंत्रावर बसणारी उहुरा उलगडा करते. इंग्रजीत सूर्य आणि पुत्र ह्या दोन्ही शब्दांचा उच्चार 'सन' असाच होतो. ते गुलाम आकाशातल्या सूर्याविषयी बोलत नव्हते, देवाच्या पुत्राविषयी बोलत होते. मालिका धार्मिक नव्हती. तरीही रिंगणाला उत्तर कोठे शोधावे हे तिला सुचले.

आता त्या मुलाविषयी. तो आईबरोबर आमच्याकडे आला. मान खाली. आम्ही रागावलो नाही. त्यानेच विचारले, "फादर, मी काय करू शकलो असतो? मध्ये पडलो असतो तर मलाच मारलं असतं." त्याचे खरे होते. टेलेमाकसला मारलेच. प्रत्येकाला देव तसे बोलावणे देत नाही. आम्ही त्याला म्हणालो, बाळा, तीन गोष्टी कोणालाही जमतात. मोबाईल खाली ठेवायचा. गोलातून पाय बाहेर काढायचा आणि जवळच्या मोठ्या माणसाला हाक मारायची. आणि नंतर, ज्याला लागले त्याच्या शेजारी जाऊन बसायचे.

पहिल्या दोन गोष्टींची वेळ निघून गेली होती. तिसरी उरली होती. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची आई वाळूजकडे त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा केला. पोरे बोलेनात. बऱ्याच वेळाने मार खाल्लेला मुलगा म्हणाला, "तू तुझ्या मोबाईलमधून काढून टाकलास. बाकीच्यांकडे आहेच की." ह्याला काही उत्तर नव्हते. ते दोघे आता मित्र झाले असे आम्ही सांगू शकत नाही. पण सोमवारी आपला मुलगा वर्गात त्याच्या बाकावर जाऊन बसला, एवढे आम्हांला कळले आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या भाषेत 'रिंगण' ह्या शब्दाला दुसराही अर्थ आहे. आषाढी वारीसाठी पैठणहून नाथ महाराजांची पालखी निघते, तेव्हा वाटेत वारकरी गोल करून उभे राहतात आणि मधून अश्व धावतो. तिथेही सगळे बघणारेच असतात. पण कोणी हरावे, कोणाचे रक्त सांडावे, ह्यासाठी ते उभे नसतात. आपणही दर रविवारी वेदीभोवती जमतो. मधोमध जो आहे त्याला आपण ढकललेले नाही. तो आपण होऊन आला आहे आणि आपल्याला स्वतःचे शरीर देतो आहे. माणसे गोल करून उभी राहणारच. कोणाभोवती आणि कशासाठी, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

ह्या आठवड्यात एखादा व्हिडिओ आपल्याकडे येईल. पुढे पाठवण्याआधी त्यातल्या मध्ये उभ्या असलेल्या लेकराचे तोंड एकदा बघा, आणि हात आखडता घ्या. घरातल्या मुलांना "कोण जिंकलं?" असे विचारण्याआधी "कोणाला लागलं?" असे विचारा. ज्याला कोठेच दार नाही, अशा एका माणसाच्या शेजारी ह्या आठवड्यात जाऊन बसा. तिथे आपल्या आधी प्रभू येऊन बसलेला असेल.

प्रभू येशू आपणां सर्वांना, विशेषतः आपल्या मुलांना, आशीर्वाद देवो. पवित्र मरीया, क्रुसाजवळ उभी राहणारी माता, आपल्यासाठी प्रार्थना करो.

आपले धर्मगुरू